काचेच्या आत मी, बाहेर हे

हे आज सकाळी गेले.

ह्यांचे हात मात्र फार आधीच गेले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे मिस्टर भूपाल सांगलीत सराफ कट्ट्यावरच्या एका मोठ्या दुकानात शोकेस लावायचे. रस्त्यावरून जाताना काचेत दागिने आणि भारी घड्याळं दिसतात ना, ती मांडायचं काम.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आष्ट्यात माझे सासरे पाहुण्यांना सांगायचे, "पोरगं सोनाराच्या दुकानात झाडलोट करतंय."

हे नुसते हसायचे.

रात्री सगळं सोनं तिजोरीत जायचं. त्यामुळे रोज सकाळी शोकेस रिकामी आणि रोज नव्यानं मांडायची. मखमलीच्या गळ्यावर तुशी, तिच्याखाली मोहनमाळ, बाजूला बारीक नायलॉनच्या दोऱ्यावर घड्याळं. सगळ्या घड्याळांत दहा वाजून दहा मिनिटं. तसे काटे ठेवले की कंपनीचं नाव झाकलं जात नाही आणि घड्याळ हसल्यासारखं दिसतं, असं हे सांगायचे.

"गर्दी करायची न्हाई," म्हणायचे. "माणूस थांबला पायजे, बघून दमला न्हाई पायजे."

मंगळवारी एसटीनं साताऱ्याला जायचे. तिथल्या एका घड्याळाच्या शोरूमची काच पण ह्यांच्याकडेच होती.

आम्ही जैन, चातुर्मासात दिवस मावळायच्या आत जेवतो. म्हणून मी डबा घेऊन दुकानात जायचे. एकदा गेले, तर हे उजवा हात डाव्या काखेत दाबून बसलेले.

"काय झालं?"

"काय न्हाई. हात गारठलाय."

ऑक्टोबरचा उकाडा होता. दुकानात सगळे घामानं निथळत होते.

त्या दिवशी ह्यांच्या हातून मोत्याची कुडी सारखी खाली पडत होती. दुकानातल्या पोरीनं मला हळूच सांगितलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी ह्यांना दोन बोटं एकमेकांवर आपटायला लावली. साधं काम. बोटं मध्येच अडकायची.

डॉक्टर खरं बोलले. "कंपवात आहे. गोळ्यांनी कमी राहील. जाणार नाही. वाढत जाईल."

मी विचारलं, "किती वाढेल?"

"ते कुणालाच सांगता येत नाही."

येताना बसमध्ये हे हातावर हात ठेवून बसले होते आणि खालचा हात हलतच होता.

साताऱ्याचं काम आधी सुटलं. सांगलीचे शेठ मात्र माणूस म्हणून मोठे. पुढचा दसरा तोंडावर आला तेव्हा मला म्हणाले, "वहिनी, तुमी आत शिरा. भूपाल बाहेरनं सांगंल तसं मांडा."

मी? घरातला टीव्हीवरचा रुमालसुद्धा मला कधी सरळ टाकता आला नाही. पण गेले.

शोकेसमध्ये उभं राहता येत नाही. गुडघ्यावर बसायचं, पदर खोचायचा. लाईटची धग तोंडावर. समोर जाड काच आणि काचेपलीकडे फुटपाथवर हे.

ह्यांचा आवाज आत येईना. नुसते ओठ हलताना दिसायचे. हातानं दाखवायचे, तर हात इतका थरथरायचा की डावीकडे म्हणतायत की उजवीकडे, मला कळेना. मी हार इकडे सरकवला, ह्यांनी कपाळाला हात लावला. तिकडे सरकवला, तरी तेच.

बघता बघता माणसं जमली. कॉलेजची दोन पोरं ह्यांच्या मागे उभी राहिली आणि ह्यांच्यासारखा हात हलवून हसायला लागली.

हे माझ्याकडे बघत होते. ह्यांना ती पोरं दिसत नव्हती.

मला सगळं दिसत होतं.

मी आतून ओरडले. बाहेर काही गेलं नाही. उठावं, तर गुडघ्याभोवती सगळीकडे दागिने, पाय टाकायला जागा नाही. हातात तुशी घेऊन मी तशीच बसून राहिले.

पोरं मोठ्यानं हसली असावीत, कारण ह्यांनी वळून बघितलं. दोन्ही हात पाठीमागे नेले, एकमेकांत घट्ट धरले आणि मानेनं खुणा करायला लागले. मान डावीकडे, की मी डावीकडे. हनुवटी वर, की मी वर.

शोकेस लागली. शेठनी नारळ फोडला. बायका थांबून बघत होत्या.

घरी येताना हे म्हणाले, "चांगली झाली गं. तुशी तेवढी वाकडी हाय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू रडत हुतीस."

ती दिवाळी आणि पुढची दिवाळी आम्ही अशीच काढली. मग ह्यांची मानही थरथरायला लागली.

शेठच्या मुलानं पुण्याहून डेकोरेटर आणले. शेठ स्वतः घरी आले. चहा घेतला, बराच वेळ क्रिकेटवर बोलले. जाताना दारात म्हणाले, "भूपाल, आता आराम कर गड्या."

हे म्हणाले, "व्हय."

दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर शर्टाची बटणं मी लावायची. दाढी मी करायची. घास मी भरवायचा. शेवटी शेवटी बोलणंही गेलं. तरी चालत होतं. मला वाटायचं, एवढ्या वर्षांत ह्यांचं सगळं मला न सांगता कळतं.

परवा दुपारी ह्यांना काहीतरी सांगायचं होतं.

ओठ हलत होते. मी कान अगदी तोंडाशी नेला. नुसती हवा.

"पाणी देऊ?"

"कूस बदलू?"

"लेकीला बोलवून घेऊ का?"

"णमोकार म्हणू?"

प्रत्येक वेळी तीच नजर. ते नाही, दुसरं काहीतरी. मी सुचेल ते विचारत गेले. पंखा, खिडकी, उशी, गावाकडची माणसं. शेवटी मला विचारायला काही उरलं नाही. हेही दमले आणि भिंतीकडे बघत राहिले.

काय सांगायचं होतं, ते आता कधीच कळणार नाही.

सगळ्यांचे फोन दिसतायत. प्लीज, आज करू नका. मला उचलवत नाहीये.

अहो, मला खरंच नाही कळलं हो.

सावकाश जा. माझा शेवटचा नमस्कार.