भोंगा डॉक्टरीण

विश्रामबागेत आवाजाची टंचाई कधीच नव्हती, तरी देवानं आटपाडीहून आणखी एक भोंगा आमच्या गल्लीत पाठवला. भोंग्याकडे एम.डी.ची पदवी होती. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलं की आतल्या पेशंटचा रोग, औषध आणि पथ्य सगळं फुकटात कळायचं. “आवं काका, लघवीला आग हुतीया तर लाजताय कशाला?” एवढं गल्लीभर झाल्यावर काका तोंडाला रुमाल लावून बाहेर यायचे आणि आम्ही सहानुभूतीनं दुसरीकडे बघायचो.

मी तिच्याकडे जात नसे. मी पडले मूळची साताऱ्याची, त्यातून शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. ‘न्हाई’ आणि ‘व्हय’ म्हणणाऱ्या बाईला नाडी दाखवायची म्हणजे माझी जन्मभराची कमाई धुळीला मिळणार! तेव्हा मी साठीतली, म्हणजे अगदीच अल्लड होते.

मग एका सकाळी माझी नात सायली शाळेच्या गजरानं दचकून उठली आणि उठता उठता कोसळली. थोड्या वेळानं आपसूक शुद्धीवर आली. पुढच्या आठवड्यात कुकरची शिट्टी झाली आणि पुन्हा तेच. सगळी गल्ली धावली. एकीनं कांदा फोडून आणला, दुसरीनं चप्पल. मिरगी आहे असं सर्वानुमते ठरलं. मुलानं मात्र पोरीला उचलून सरळ भोंग्याकडे पळवलं, कारण तो दवाखाना सगळ्यात जवळ होता.

“पडायच्या आदी काय वाजलं?” पहिला प्रश्न हा. पडल्यावर काय झालं ते सांगायला आम्ही दहाजण आलो होतो. आधीचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

तिनं पोरीच्या छातीला वायरी लावल्या, ईसीजीचा कागद निरखला आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. “घरात आजून कोण पडतं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याच लग्नात ताशेवाल्यानं कानाशी अचानक ताशावर काठी हाणली आणि मी अक्षता मुठीत धरूनच आडवी झाले, ही गोष्ट आमच्या घरात पाहुण्यांना चहाबरोबर देतात. सासरच्यांना वाटलं, पोरगी नाटकी आहे. मला वाटलं, मी नाजूक आहे. नंतरही एकदोनदा पडले आणि तो नाजूकपणा दागिन्यासारखा मिरवला. इतर बायका भांडं पडलं तर नुसत्या दचकायच्या. मला त्यांची कीव यायची.

माझाही कागद निघाला. तो बघून भोंगा म्हणाली, “नाजूक कसल्या, आजी? नशीबवान हाय तुमी. जित्या ऱ्हायलाय.”

चाळीस वर्षांचा दागिना एका वाक्यात पितळेचा निघाला.

मग तिनं समजावलं. “हृदयाच्या पेशीला बारीक बारीक दारं असत्यात. एका दारानं सोडियम आत घुसलं की ठोका पडतो. मग दुसऱ्या दारानं पोटॅशियम भाईर गेलं की पेशी निवांत हुती, फुडच्या ठोक्याला तयार. तुमच्या खानदानाची ती भाईरची दारं करकरत्यात. पोटॅशियम निघतंय, पर लय सावकाश. पेशी आजून सावरतीया, तवर दचकून भलताच ठोका पडला की हृदय नुसतं फडफडतंय. मेंदूला रगात मिळत न्हाई, माणूस पडतंय. फडफड आपसूक थांबली तर उठतंय.” नाही थांबली तर काय, ते तिनं सांगितलं नाही. गल्लीला ऐकू गेलं नाही, ते तेवढंच.

माझ्यातली मास्तरीण गप्प बसते थोडीच! “त्याच दारातून सोडियम का नाही जात? ते तर लहान असतं ना?” हे मी कुठंतरी वाचलं होतं आणि वाचलेलं दाखवल्याशिवाय मला जेवण जात नसे.

“ल्हान हाय म्हणूनच जात न्हाई. त्या दाराची चौकट पोटॅशियमच्या मापाची. ह्या कणांच्या अंगावर पाण्याची गोधडी असती, ती टाकायची आन् चौकटीला टेकत टेकत जायचं. ल्हानग्याला चौकट टेकायला गावत न्हाई, मग ते गोधडी सोडत न्हाई, आन् गोधडीसकट दारात मावत न्हाई.” ही गोधडी मी पुढे अनेकांना माझी म्हणून सांगितली.

दोघींना रोजची गोळी लागली. दुसऱ्या कुणी दिलेलं औषध तिला दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही, कारण काही साधी औषधंसुद्धा हीच दारं अडवतात. जुलाब-उलट्या झाल्या की आधी तिला फोन, अंगातलं पोटॅशियम उतरलं तर दारं आणखी रेंगाळतात. गजराचं घड्याळ बाद. आणि सगळ्यात मोठं पथ्य गल्लीला: आवाज करायचा तर आधी सांगायचं.

गल्लीनं ते असं काही मनावर घेतलं की विचारू नका. “शिट्टी होणार गं!” असं ओरडून बायका कुकर लावायच्या. गणपतीत मंडळाची पोरं दारात येऊन अदबीनं विचारायची, “आजी, मोठा आवाज होणार आहे. बसलाय न्हवं?” नवीन भाडेकरूंना वाटायचं, आम्ही सगळेच थोडे सरकलेले आहोत.

खरी पंचाईत भोंग्याची झाली. कुजबुज म्हणून ती जे काढायची ते पलीकडच्या बंगल्यात स्पष्ट ऐकू जायचं. मग तिनं आवाजाला पायऱ्या बसवल्या. फाटकाशी बारीक खोकायची, अंगणात जरा मोठ्यानं, पायरीशी “येतीया गं सायले...” आणि घरात शिरेपर्यंत भोंगा पूर्ण सुरात. सायली खुदकन हसायची. पुढे भोंग्याची प्रकृती तोळामासा झाली, भावाकडे आटपाडीला राहायला गेली, तरी फोनवर तोच जिना चढून यायची.

सायली आता शिरवळला औषधांच्या कारखान्यात नोकरी करते. गेल्या महिन्यात आठवड्याच्या मधल्याच वारी आली. मी ओट्याशी होते. पोरीनं फाटकाशी बारीक खोकलं, मग अंगणात जरा मोठ्यानं. मला वाटलं, चेष्टा करतेय. आत येऊन तिनं गॅस बंद केला, मला खुर्चीत बसवलं आणि माझा हात धरला.

“आजी, सकाळची गोळी घेतलीस?”

“घेतली. का गं?”

“मोठा आवाज होणार आहे.”

मला कळलं. आटपाडीचा फोन आठवडाभर आला नव्हता. तरीही मी चष्मा पुसला, पदर नीट केला, लागेल तेवढा वेळ घेतला. सायली थांबली होती. मग मी म्हटलं, “हं. सांग.”