सातव्या रांगेतली कडेची खुर्ची

विद्यापीठाच्या नाट्यगृहाला डाव्या अंगाला एक छोटं दार आहे आणि त्या दाराबाहेर एक लाकडी बाक. माझी मुलगी तिथल्या नाटकाच्या गटात होती, ती तीन वर्षं मी बरीचशी त्या बाकावर काढली. तालीम कधी संपेल ते तिलाही माहीत नसायचं आणि तिला एकटीला घरी येऊ द्यावं इतकं माझं काळीज घट्ट नव्हतं. तिचा गट मला हसायचा. हसोत. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला मला राखीव मावशी भेटल्या.

हे नाव मुलांनी ठेवलेलं. मावशी परीक्षा विभागात नोकरीला होत्या. पदवीच्या प्रमाणपत्रांवर नावं बरोबर छापली आहेत की नाहीत, ते तपासणं हे त्यांचं काम. एकीने मूळ यादीतलं नाव मोठ्याने वाचायचं, दुसरीने छापील नावावर बोट ठेवून ऐकायचं. दिवसाला तीनशे-चारशे नावं. "अर्ध्या गावाच्या भिंतीवर मी तपासलेली नावं टांगलेली आहेत," त्या म्हणायच्या, "आणि त्यातल्या एकाही घरात मी कधी गेलेली नाही."

नाट्यगृहाची पहिली रांग मोठ्या लोकांसाठी ठेवलेली असे. प्रत्येक खुर्चीवर 'राखीव' अशी चिठ्ठी. मोठे लोक बहुधा येत नसत. पण गाणाऱ्याला किंवा नटाला समोर ओळीने रिकाम्या खुर्च्या दिसल्या की त्याचं अवसान गळतं. एकोणीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी व्यवस्थापक घाईघाईने परीक्षा विभागात आले आणि जे कोणी कामावर थांबले असतील त्यांनी जरा पुढे येऊन बसावं, बाहेरगावच्या पाहुण्यांसमोर लाज जाते आहे, असं म्हणाले. बाकीच्यांना घर गाठायचं होतं. मावशींना तशी घाई नव्हती. आई आदल्या वर्षी गेली होती, धाकटी बहीण लग्न होऊन लांब, आणि दिव्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांमध्ये त्यांची वाट पाहणारं कुणी नव्हतं. त्या गेल्या, बसल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा निरोप आला. मग निरोप यायचा बंद झाला आणि त्या आपण होऊनच बाकावर येऊन बसू लागल्या.

या बसण्याची एक रीत होती. तिसरी घंटा होते, दिवे जातात. मोठ्या लोकांची आणखी दहा मिनिटं वाट पाहायची. मग दारावरचे काका आपली बॅटरी एकदा लुकलुकवायचे, म्हणजे आत या, बसा. मधेच खरा पाहुणा उगवला तर बॅटरी दोनदा लुकलुकायची, म्हणजे उठा. उठताना वाकून उठायचं, डावीकडून निघायचं, मागे वळून पाहायचं नाही. यासाठी मावशी खांद्यावरची करडी शाल कधी काढत नसत, पिशवी खाली ठेवत नसत आणि खुर्चीला पाठ टेकत नसत. उठायला सोपं पडतं, म्हणत.

म्हणजे या बाईने एकोणीस वर्षांत शेकडो कार्यक्रम पाहिले आणि एकाचीही सुरुवात पाहिली नाही. कधी शेवट मिळे, कधी तोही नाही. आमची ओळख झाली ती त्यावरूनच. नाटक सुटलं की मुलं बाहेर यायची आणि मावशी त्यांना विचारायच्या की सुरुवातीला काय झालं होतं. एकदा एका नाटकातल्या माणसाला नायिकेचा भाऊ समजून त्या पार शेवटापर्यंत त्याच्यासाठी डोळे पुसत होत्या. तो तिला सोडून गेलेला नवरा होता, असं मुलांनी सांगितल्यावर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "मग माझे अश्रू परत करा." माझ्या मुलीने ते वाक्य महिनाभर घरात चालवलं. भाजीत मीठ कमी पडलं तरी माझे अश्रू परत करा.

मला त्या 'छोटीची आई' म्हणत. छोटी म्हणजे माझी मुलगी, गटात सगळ्यांत ठेंगणी. मी दर पाच मिनिटांनी फोन काढून पाहायची तेव्हा त्या शांतपणे सांगायच्या, "छोटी आत आहे हो, त्या फोनमध्ये नाही." मला राग यायचा नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर आला असता.

गेल्या वर्षी मावशी निवृत्त झाल्या. परीक्षा विभागाने फुलं दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. मावशींना काळजी वेगळीच होती. त्यांनी व्यवस्थापकांना जाऊन विचारलं की मी येत राहिले तर चालेल ना. व्यवस्थापकांनी आस्थेनेच सांगितलं की त्या खुर्च्यांवर नोकरीतल्या माणसांनाच बसवता येतं, वरून तसा नियम आहे. तिकीट काढून मात्र केव्हाही यावं. मावशींनी हे मला बाकावर सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या. "ऐकलंत ना? तिकीट काढून यायचं म्हणे. हे आपल्याला इतकी वर्षं सुचलंच नाही."

खरोखरच सुचलं नव्हतं. त्यांनी आयुष्यात पहिलं तिकीट काढलं ते मुलांच्या वार्षिक नाटकाचं. सातव्या रांगेतली कडेची खुर्ची, आणि तिच्या शेजारची माझी. छोटी त्या नाटकात पहिल्याच प्रवेशात होती आणि शेवटचं मोठं भाषण तिचं होतं. तिने मावशींना बजावलं होतं की या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता बघायचं आणि नंतर तिला कुणी काही विचारायचं नाही. मावशींनी तिकीट पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, ते तीन वेळा काढून मला दाखवलं.

त्या दिवशी आम्ही अर्धा तास आधी आत गेलो. नाट्यगृह रिकामं असताना किती मोठं दिसतं, ते मावशी मान वळवून वळवून पाहत होत्या. पडदा सरकण्याआधी तो थोडा हलतो, मागून कुणीतरी डोकावतं, हेही त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. "असं असतं होय," त्या पुटपुटल्या. शाल त्यांनी काढली नाही. पिशवी मांडीवरच होती. पाठ टेका ना, असं मी सुचवलं, तर त्यांनी टेकली आणि घटकाभराने पुन्हा पुढे सरकून बसल्या.

तिसरी घंटा झाली. दिवे गेले. पडदा उघडला तेव्हा मावशींनी माझा हात धरला होता.

पहिल्या प्रवेशात छोटी एका उंच शिडीवर चढते. घर विकायला काढलेलं असतं आणि ती भिंतीवरच्या तसबिरी उतरवत असते. ही शिडी मी तालमीत पाहिली होती. तिचा एक पाय आखूड होता. लाकडाची चकती लावली आहे, असं मुलांनी मला सांगितलं होतं, पण चकतीचं काय सांगावं. छोटी चढू लागली आणि मी पायऱ्या मोजू लागले. पाच, सहा, सात. सातवीवर दोन्ही हात सोडून ती बोलायला लागली. ती काय बोलली ते मला आजही आठवत नाही.

तेवढ्यात रांगेच्या कडेला उजेड लुकलुकला. दोनदा. दारावरचे काका उशिरा आलेल्या एका गृहस्थांना जागा दाखवत होते. एकदा बॅटरी तिकिटावर मारली, एकदा पायरीवर. मावशी उठल्या. वाकून, पिशवी छातीशी धरून, डावीकडून निघाल्या. मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, पाणी प्यायला गेल्या असतील, किंवा बरं वाटत नसेल. मी एवढीच समजूत करून घेतली आणि पुन्हा शिडीकडे पाहिलं. गृहस्थांची जागा आमच्या मागच्या रांगेत होती, पण कडेची खुर्ची रिकामी झालेली पाहून ते तिथेच बसले. "इथे कुणीतरी आहे" इतकं मला म्हणता आलं असतं. छोटी खाली उतरत होती. मी बोलले नाही.

मग एक एक प्रवेश जात राहिला आणि मावशी परतल्या नाहीत. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं गेली की मोठ्या पाहुण्यांखेरीज कुणासाठीही दार उघडायचं नाही, हा तिथला नियम. मध्यंतर झाल्याबरोबर मी धावले.

त्या बाकावर बसल्या होत्या, नेहमीच्या टोकाला. हातात तिकीट होतं.

"काय झालं मावशी? बरं नाही वाटत का?"

"मला काय धाड भरली आहे," त्या म्हणाल्या. "बॅटरी दिसली आणि उठले. इथे येऊन बसले, रुमाल काढायला पाकिटात हात घातला, तर हे हाताला लागलं. तोवर दार लागलं होतं."

दारावरच्या काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी मावशींकडे पाहिलंच नव्हतं. ते पायऱ्यांकडे पाहत होते.

मी मावशींना उठवायला लागले. अर्धं नाटक अजून बाकी आहे, छोटीचं भाषण व्हायचं आहे. त्यांनी विचारलं, "खुर्चीत कुणी बसलंय का?"

खोटं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, बसले आहेत एक गृहस्थ, पण त्यांची जागा मागे आहे, मी त्यांना उठवते.

"नको."

"अहो, तिकीट तुमचं आहे."

"असू दे. उठवायला येणाऱ्या माणसाचा चेहरा मी पुष्कळ वेळा पाहिलाय, छोटीची आई. तसला चेहरा करून मला कुणासमोर उभं राहता येणार नाही."

मग माझ्या खुर्चीत बसा, मी म्हटलं. त्या हसल्या. आणि छोटीचं भाषण तिच्या आईऐवजी शेजारणी ऐकणार का, असं विचारून त्यांनी मला दाराकडे जवळजवळ ढकललंच. "सुरुवात मिळाली मला," त्या म्हणाल्या. "तेवढीच राहिली होती. शेवट माझ्याकडे ढीगभर आहेत."

घंटा झाली आणि मी आत गेले. हे लिहिताना मला ते बरं वाटत नाही, पण मी गेले. मुलगी रंगमंचावर असताना मला बाकावर बसवलं नसतं. ते गृहस्थ पाठ टेकून आरामात बसले होते. छोटीने भाषण असं केलं की मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. मी टाळ्या वाजवून बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता.

तोंडाचा रंग पुसत छोटी आली ती मावशी कुठे म्हणूनच. त्या थकल्या होत्या, लवकर गेल्या, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "विंगेतून मी सारखी सातव्या रांगेकडे बघत होते आई. अंधारात चेहरा नाही दिसत, पण कडेची खुर्ची भरलेली दिसत होती. शेवटचं भाषण मी तिकडे बघूनच केलं."

मी म्हटलं, हो, भरलेली होती.

पुढे छोटी दुसऱ्या शहरातल्या नाटक मंडळीत गेली. तिथे तिला न्यायला कुणी जात नाही. रविवारी फोन येतो, इतर दिवशी आला तर आला. मीच एकदा दिव्यांच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या शोधत गेले. जिन्याशी मी आवाज दिला तेव्हा मावशींनी दार उघडलं आणि क्षणभर काय करायचं ते त्यांना सुचेना. बाहेरच्या खोलीत टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या, चारही सारख्याच नव्या. आईने घेतल्या होत्या, त्या म्हणाल्या, पाहुणे येतील म्हणून. बसायला कुठलीही घ्या. निवृत्तीचं घड्याळ भिंतीवर लावलं होतं, शेजारी एका मोठ्या तसबिरीची फिकट चौकोनी जागा होती.

मी माझी चूक कबूल करायला गेले होते. त्यांनी ती ऐकून घेतली नाही. शिडीचं काय झालं, तेच विचारत राहिल्या. छोटीने शेवटी ती तसबीर उतरवली का? मी म्हटलं, कुठली तसबीर?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मला पहिला प्रवेश सांगायला सुरुवात केली. पडदा उघडला तेव्हा छोटी पाठमोरी होती. केसांत खडू खोचलेला होता. शिडी चढताना ती दर पायरीवर थांबून घराला एकेक प्रश्न विचारत होती. सातव्या पायरीवर तिने दोन्ही हात सोडले ते एका तसबिरीची धूळ ओढणीने पुसायला, आणि ती आईची तसबीर होती, आणि ती उतरवायची की राहू द्यायची हे तिला ठरवता येत नव्हतं. छोटी काय म्हणाली तेही मावशींनी सांगितलं, शब्दन् शब्द, यादीतलं नाव वाचावं तसं, सावकाश. ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं होतं. मी पहिल्यांदा ऐकत होते.

ऐकून झाल्यावर मी म्हटलं, तसबीर तिने उतरवली नाही. शेवटच्या भाषणात ती घर सोडून निघते आणि तसबीर भिंतीवरच राहते.

मावशींनी घड्याळाशेजारच्या फिकट चौकोनाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं केलं."

हे छोटीला अजून सांगितलेलं नाही. आज तिचा फोन आला नाही, म्हणून जागी आहे आणि लिहून ठेवते आहे. त्या दिवशी मी तिथे तासभर होते. खाली दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला तेव्हा मी निघायला उठले आणि मला दिसलं की मावशीही माझ्याआधी उठून उभ्या होत्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीच्या पुढच्या कडेवर त्या इतका वेळ बसल्या होत्या. शाल खांद्यावर होती. आणि चारही खुर्च्यांच्या पाठी अगदी कोऱ्या होत्या.