रत्नमालाबाईंची जांभळी गाजरं

आमच्या सिडकोतल्या गल्लीत घरं एकमेकांना खेटून आहेत. रत्नमालाबाईंचं घर तेवढं कोपऱ्यावरचं, म्हणून त्यांना मागं दहा बाय पंधरा फुटांची माती मिळाली. दुसऱ्या कुणी तिथं गाडीसाठी शेड ठोकलं असतं. बाईंनी गाजरं लावली. मी त्यांचा भिंतीपलीकडचा शेजारी, निवृत्त गणितशिक्षक, आणि पहिल्या दिवसापासून त्यांना नावं ठेवणारा. बाजारात गाजरांचे ढीग पडतात, मग परसात हा उपद्व्याप कशाला, असा माझा साधा सवाल होता.

पण त्यांची गाजरं बाजारातली नव्हती. पिशोरच्या माहेरची होती, आईच्या हातची. बाहेरून काळपट जांभळी, कापली तर गाभ्यापर्यंत तोच रंग, आणि भोगीच्या भाजीत पडली की वांग्या-घेवड्यासकट सगळी कढई रंगवून टाकणारी. आई गेली, भावांनी वावरात अद्रक लावलं, आणि ते गाजर गावातूनही नाहीसं झालं. उरली फक्त बाईंच्या पेटीतली, राखेत घोळलेल्या बियांची एक पुरचुंडी. आपल्या हातून हे बी बिघडलं तर आईचं गाजर कायमचं संपलं, हे त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं.

भाद्रपद सरत आला की त्या बी तळहातावर चोळून, वाळूत मिसळून ओळीनं पेरायच्या आणि वरून ओलं गोणपाट टाकायच्या. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, म्हणून भाजी धुतलेलं पाणी साठवून घालायच्या. दहा-बारा दिवसांनी शेपूसारखी कोवळी पानं वर आली की भिंतीवरून हाक मारून मला दाखवायच्या. मी म्हणायचो, "गाजराची पुंगी आहे बाई. वाजली तर वाजली, नाही तर मोडून खा."

पुंगी काही वाजेना. पहिल्या वर्षी गाजरं मनगटाएवढी जाड निघाली. पुढं अंगठ्याएवढी, मग करंगळीएवढी, आणि सहाव्या वर्षी पार उंदराच्या शेपटीवर आली. रंगही उतरला, गाभा पिवळट पडला. बाईंचे यजमान सोमनाथराव म्हणाले, शहरातली माती वाईट. मी म्हणालो, बी म्हातारं झालं. त्या भोगीला बाई भरल्या ताटावर रडल्या. हे मला आमच्या सौभाग्यवतींनी सांगितलं, तेव्हा माझ्या जिभेची मलाच लाज वाटली.

त्यांच्या घरची पद्धत आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. भोगीच्या सकाळी गाजरं उपटायची. सगळ्यांत जाड पाच संक्रांतीच्या सुगडांसाठी, त्याखालची भाजीला, आणि उरलेल्यांतली चांगली गल्लीत वाटायला. किरकोळ होती ती मातीतच राहायची, त्यांना फुलं यायची, आणि त्यांचंच बी पुढच्या वर्षी. सासूबाई चतुराबाई ऐंशीच्या, हुकूम त्यांचा. "देवाला अन् दारच्याला वंगाळ देऊ नाय," असं त्यांचं म्हणणं. यात खोट काढायची कुणाची छाती? सहा वर्षं वाटणीची गाजरं मी चवीनं खाल्ली.

त्या रडक्या भोगीनंतरच्या माघात बाई भाच्याच्या लेकाच्या बारशाला पिशोरला गेल्या. तिथं आईबरोबर उभी हयात राबलेले कचरूकाका ज्वारीच्या उभ्या पिकातून बियाण्यासाठी थोराड कणसं निवडत होते. बाईंनी बांधावर बसून त्यांना गाजराचं रडगाणं ऐकवलं. म्हाताऱ्यानं हातातलं कणीस पुढं धरलं.

"पोरी, जवारीचं थोरलं कणीस बियाला, अन् गाजराचं बारकं? तुझी माय असं करत नव्हती. सगळ्यात थोरलं गाजर उपटायची, खालचा निमुळता शेंडा कापून गाभ्याचा रंग बघायची, अन् मनाजोगतं असलं तर वरचा भाग माघारी मातीत रोवायची."

"अन् शेंडा?" बाईंनी विचारलं.

"शेंडा तुला द्यायची की. ध्यानात नाय व्हय?"

ध्यानात होतं. पन्नास वर्षं ध्यानात होतं. भावांना भाजी आणि लेकीच्या हातावर शेंडे, हा आईवरचा राग बाईंनी कुणालाही न सांगता जपला होता. ते शेंडे वावरातल्या सगळ्यांत चांगल्या गाजरांचे होते, हे त्यांना त्या बांधावर कळलं. परतीच्या एसटीत फुलंब्री येईपर्यंत त्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, हे त्यांनीच पुढं कधीतरी आमच्या सौभाग्यवतींना सांगितलं.

पुढच्या भोगीला त्यांनी सगळी गाजरं उपटून ओळीनं मांडली. त्यातली बरी सात उचलली, शेंडे कापले, गाभे पाहिले. दोन पिवळी निघाली ती भाजीत टाकली आणि पाच पुन्हा मातीत रोवली. चतुराबाई कडाडल्या, देवाच्या तोंडचं मातीत घालती व्हय? त्या दिवशी त्या भाजी-भाकरीला शिवल्या नाहीत. तीस वर्षांत बाईंनी सासूला उलटून उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं, पण हात जोडून.

"आत्याबाई, हे शेंडे सगळ्यात चांगल्या गाजरांचेच हायेत. सुगडात तसं बी तुकडेच पडतात. शेंडा देवाला, बाकीचं मातीला. माझी माय असंच करायची."

रात्री म्हातारीनं त्या मायच्या शेंड्यांची सगळी गोष्ट सुनेकडून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी सुगडांत शेंडेच पडले. गल्लीला मात्र त्या वर्षी काही मिळालं नाही, आणि सगळ्यांत जास्त कुरकुर मी केली.

फाल्गुनात पाच खोडं छातीएवढी वाढली, पांढरी छत्रीसारखी फुलं आली, मधमाश्या घोंगावल्या. सोमनाथरावांनी काठ्या रोवून ती वाऱ्यापासून सांभाळली. वैशाखात मूठभर बी हाती आलं. एका वर्षात काही जादू झाली नाही. पुढच्या भोगीला गाजरं अंगठ्याएवढी झाली, आणि बाईंनी पुन्हा उत्तम तेवढी मातीत घातली.

यंदा तिसरी भोगी. सकाळीच भिंतीवरून हाक आली. जाऊन पाहतो तर परसात जांभळ्या गाजरांची रास, मनगटाएवढी जाड, सरळसोट. पिशोरहून बाईंचा भाऊ बी मागायला येऊन बसला होता. हे बी आता एका पेटीत अडकून मरणार नव्हतं. मला इतका आनंद झाला की जणू मीच ती पिकवली होती, आणि त्या भरात मी राशीतलं सगळ्यांत जाड गाजर उचललं.

पाटावर बसून निवड करणाऱ्या चतुराबाईंनी माझ्या हातावर चापट मारली. "गुरुजी, ते नाय. ते बियाचं."

त्यांनी ते गाजर घेतलं, विळीवर शेंडा कापला, गाभा उजेडाकडं धरून पाहिला. आत शेवटपर्यंत जांभळा होता. मला वाटलं, शेंडा आता देवाच्या ताटात जाणार. म्हातारीनं तो सुनेच्या तळहातावर ठेवला.

"खा," त्या म्हणाल्या. "देवाला दुसरा हाय. हा तुझ्या मायचा."

रत्नमालाबाईंनी तो तिथंच उभ्यानं खाल्ला. ओठ जांभळे झाले, डोळे भरले, आणि त्या लहान मुलीसारख्या हसत राहिल्या.