आखाजीला न लागलेला फोन

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, पोरीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही, आणि आता हे आत ठेवून माझं कशात लक्ष लागत नाही.

तर गोष्ट फोनची आहे. म्हणजे — फोनची नाही, पण सुरुवात तिथूनच करतो.

परवापर्यंत मी सहा वर्षं जुना फोन वापरत होतो. काचेवर आडवी भेग, मागचं झाकण फुगलेलं, चार्जरची पिन विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग व्हायचं. बँकेचं अ‍ॅप बंद पडलं होतं. पोरीने स्वस्तातले चार-पाच फोन शोधून यादीच करून दिली. मी प्रत्येकात खोड काढली. हा फार मोठा, खिशात बसत नाही. तो तापतो म्हणे. तिसऱ्यात जाहिराती येतात. चौथा चांगला होता, तर म्हटलं दिवाळीत बघू. जळगावात आमच्या घरापासून मोबाईलचं दुकान चालत पाच मिनिटांवर, मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. पोरगी वैतागून म्हणाली, ‘पप्पा, पैसे सुटत नाहीत असं सरळ सांगा ना.’ बायकोने चिक्कू ठरवलं ते वेगळंच. मी हसून घेतलं. चिक्कू म्हणून घेणं सोयीचं होतं, दुसरं काय!

एकदा पोरीने मला ओढतच दुकानात नेलं. दुरुस्तीवाल्याने फोन उघडला आणि म्हणाला, ‘काका, बोर्ड एक नंबर आहे. फक्त बॅटरी गेलीय. हा फोन हँग होणाऱ्यातला नाही.’ पोरगी माझ्याकडे बघायला लागली. ‘पण यांचा तर तीन वर्षांपासून हँग होतो. आजीच्या वेळेला, आखाजीलाही —’ मी घाईने म्हटलं, चल, गाडी रस्त्यात लावलीय. गाडी नीट जागेवरच होती.

आता तुम्ही विचाराल, आखाजीला काय झालं होतं? सांगतो. टाळता येईल तेवढं टाळून झालंय.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात तो सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेकीने आपल्या पायांनी यायचं नसतं. भावाने तिला आणायला जायचं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आता कितीतरी जणी सरळ एसटीत बसून येतात, कोणी काही म्हणत नाही. माझी बहीण, अक्का, त्यातली नव्हे. ती साक्रीच्या पुढच्या एका गावात दिलेली, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण मुऱ्हाळी आल्याशिवाय तिने आखाजीला उंबरठा ओलांडला नाही. जावांसमोर तो तिचा मान होता. आणि मी दरवर्षी जात होतो — हेही खरं आहे. खरं असून काय उपयोग?

त्या वर्षी तिच्या पुतणीचं लग्न आखाजीच्या तोंडावरच होतं. ती म्हणाली, पाहुणे पांगले की मी फोन करते, मग ये. बायको आणि पोरगी बायकोच्या माहेरी गेल्या होत्या. मी धुळ्याजवळच्या आमच्या गावी, मायजवळ. माय एकटीच राहायची, तिच्याकडे फोन नव्हता. अक्काकडे माहेरचा म्हणून एकच नंबर — माझा.

आखाजीला आमच्याकडे आणखी एक चाल आहे. माणसं पत्ते खेळायला बसतात, दोन-दोन दिवस उठत नाहीत. आखाजीच्या आदल्या दिवशी मी पारावर बसलो होतो. लिंबाची सावली, चहावर चहा, वर्षानंतर भेटलेले शाळेतले दोस्त. बाहेर असं ऊन की डांबर पायाला चिकटावं. आणि फोन वाजला. काचेवर नाव — अक्का.

मला कळलं होतं ती काय म्हणणार. आत्ता निघ. म्हणजे धुळ्यापर्यंत टेम्पो, मग साक्रीची एसटी, पुढे जीप, रात्री तिथे मुक्काम, सकाळी परत तेच. हातातला डाव चांगला होता. मी फोन पालथा ठेवला. म्हटलं, एवढा डाव होऊ दे. परत वाजला. परत. दोस्त म्हणाला, ‘कोना फोन शे रे?’ मी म्हटलं, कंपनीचा. पाच वेळा वाजला. मग मी बंदच करून टाकला.

पत्त्यांसाठी. उन्हाच्या कंटाळ्यासाठी. याहून मोठं कारण मी तीन वर्षं शोधतोय, सापडत नाही.

संध्याकाळी माय ओट्यावर बसलेली होती. अक्कासाठी सांजोऱ्या करून डब्यात भरलेल्या. ‘अक्काना फोन उना का?’ तिने विचारलं. तेव्हा पहिल्यांदा म्हणालो — फोन हँग झालाय, कोणाचाच लागत नाही. तिकडेच काही काम निघालं असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो असतो तरी दुपारपर्यंत पोचलो असतो. पण मग काल का नाही आलास, हे सांगावं लागलं असतं. नाही गेलो. पत्ते खेळलो, तेही धड खेळता आलं नाही.

अक्का तिकडे पिशवी भरून दोन दिवस बसून होती. शेजारच्या कोणाला फोन करून ‘माझ्या भावाला पाठवा’ म्हणणं तिला कमीपणाचं वाटलं. हे तिनेच मला नंतर सांगितलं, अगदी साधेपणाने. तिलाही मी फोन हँग झाल्याचंच सांगितलं होतं.

श्रावणात माय गेली. झोपेतच. अक्का आली ती थेट मातीला. आखाजीला आली असती तर आठ दिवस मायजवळ राहिली असती, माय तिच्या केसांना तेल लावायची तसं लावलं असतं, काय बोलायचं ते बोलल्या असत्या. रडून रडून दमली तेव्हा तिने माझ्याच पाठीवर हात ठेवला. ‘तुन्हा काय दोष भाऊ, त्या फोननी घात कया.’ भावकीतल्या बाया बसल्या होत्या, त्यांनीही फोनला शिव्या घातल्या. मी मान खाली घालून बसलो. त्यांना वाटलं, दुःख.

त्या दिवसापासून तो फोन खराब असणं मला भाग होतं. तो ठणठणीत चालायचा, आणि मी चारचौघांत उगाच बंद करून चालू करायचो. ‘बघा, परत अडकला.’ ऑफिसात, लग्नात, बायकोसमोर. नवा फोन घेतला असता तर जुना कोणीतरी वापरायला मागितला असता, आणि तो वर्षभर सुरळीत चालला असता. काय सांगितलं असतं मग? मी चिक्कू नव्हतो. मला साक्षीदार घरातच ठेवायचा होता.

शेवटी फोन खरोखरच मेला. पोरीने यादीतला सगळ्यात स्वस्त आणला, सिम घातलं, आणि मला न विचारताच आत्याला कळवलं की पप्पांनी नवा घेतला.

दहा मिनिटांत फोन वाजला. अक्का. मी पहिल्याच रिंगला उचलला. ती हसत होती. ‘आते कसा पटकन लागना! तवय माले वाटे, मन्हाच नंबर चुकना व्हई. मायले मीच वाट देखाले लाई.’

म्हणजे आपलाच नंबर चुकला, आपणच मायला वाट बघायला लावली, असा दोष ही बाई तीन वर्षं स्वतःला देत होती. फोनला शिव्या माझ्यासाठी, आणि मनातून बोल मात्र स्वतःला. आत्ता सांगायचं, असं वाटलं मला — पक्कं वाटलं. पोरगी समोर नव्हती, बायको स्वयंपाकघरात होती. तोंड उघडलंही.

आणि म्हणालो, ‘नही अक्का, फोनच खराब व्हता.’

नव्या फोनवर मी बोललेलं पहिलं वाक्य हे आहे.