खस्ता कशी लागते?

परवा सावंतवाडीच्या बाजारात बेकरीतून ताज्या खारीचा वास आला. काचेवर लिहिलं होतं, ‘खस्ता खारी’. तो शब्द वाचला आणि मी लहानपणीच्या आमच्या पडवीत जाऊन पोचले.

आई जाऊन पंधरवडा झाला होता. पाहुणे परतले होते. शेजारच्या काकी पेजेचं भांडं ठेवताना मला जवळ घेऊन म्हणाल्या, “तुझ्या आवशीन खूप खस्ता खाल्ल्यान गो!”

त्या गेल्यावर मी विचारलं, “बाबा, खस्ता कशी लागता? आयेन माका कधीच देवक नाय.”

बाबा शाळेत मराठी शिकवायचे. कुणी शब्दाचा अर्थ विचारला की ते घरातही वर्गातल्यासारखे बोलत. “शब्द मूळचा फारसी,” ते म्हणाले. “खस्ता म्हणजे जखमी, दमलेला. त्यावरून खस्ता खाणे म्हणजे...”

तिथे ते थांबले. स्वयंपाकघरात आईचं लुगडं अजून दांडीवर तसंच होतं, तिकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “मी तिका कधी ‘जरा बस गो’ म्हणूक नाय.”

माझ्या प्रश्नाने ते रागावले, असं मला तेव्हा वाटलं. किती वर्षं मुलांना सांगितलेला तो अर्थ त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा भेटला होता, हे आज कळतं. मी खांबाला टेकून बसले. ते उंबऱ्यावर बसले. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो, एकमेकांपासून लांब, एकाच बाईची वाट बघत.