सात घरांची चकती

अनंतभाऊजींची ती शेवटची हाक मला ऐकू आली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण घरी आलेल्या प्रत्येकाला मी अर्धंच सांगितलं. ‘वर गेले तर ते टाकीला टेकून बसलेले होते,’ एवढंच सांगायचे आणि डोळ्यांना पदर लावायचे. ते खोटं नव्हतं. पण त्याआधीचं मी गिळून टाकलं होतं. सकाळची वेळ, मी स्वयंपाकघरात, गॅसवर दूध, आणि वरून हाक आली, “वहिनी...” रोज ते “वहिनी, चकती!” म्हणायचे. त्या दिवशी नुसतंच “वहिनी” म्हणाले. मी जिन्याकडे तोंड करून ओरडले, “आले हो, दूध ठेवलंय!” मग दूध वर येईपर्यंत उभी राहिले, गॅस बंद केला, झाकण ठेवलं. चकतीत लाडू भरले. एक लाडू फुटका निघाला, तो बदलला. एवढं सगळं केलं मी. तेवढ्यात शेजारच्या छतावरून मिसराइन चाचींचा आवाज आला, “ए बहू, दौड़ा हो! भइया उठत नाहीं हउवन!” मी चकती घेऊनच धावले. वर माकडं पापडांवर बसून निवांत जेवत होती, मेली. आणि भाऊजी टाकीला टेकून बसले होते, हात तोफेवर...

वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई तोफेचं काय बोलतेय. तर सांगते. आमचं घर काशीत रामघाटावर. कितीतरी पिढ्यांपूर्वी आमचे लोक कोकणातून इथं आले ते इथलेच झाले. हे वैदिक, पाठशाळेत शिकवतात. अनंतभाऊजी यांचे धाकटे भाऊ, लग्न न केलेले, पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपात शिकवून निवृत्त झालेले. मी नवी नवरी होऊन या घरात आले तेव्हा ते कॉलेजात होते आणि घरातल्या सगळ्यांशी मिळून दिवसाकाठी दहा शब्द बोलत असतील. पुढेही तसेच राहिले. माझी मराठी इथं राहून निम्मी हिंदी झाली, मुलं तर हिंदीतच भांडतात, पण भाऊजी मात्र बोलतील तेवढं शुद्ध बोलायचे. थोडंच बोलायचं तर शुद्ध बोलायला काय जातंय, असं मी त्यांना चिडवायचे. त्यावर हसायचे, बस. तर हा माणूस निवृत्त झाला आणि घरात बसून करायचं काय म्हणून त्याची नजर गेली माझ्या वाळवणावर.

काशीत वाळवण घालणं म्हणजे माकडांना जेवायला बोलावणं. पापड, कुरडया, सांडगे, काही म्हणून ठेवत नाहीत. मी काठी घेऊन बसायचे, तर ती दात विचकायची. एकदा तर माझीच काठी पळवली. गुलेलीनं मारावं तर आमचे हे आडवे. “आपल्या घरातून मारुतीच्या गणावर दगड? शोभतं का?” मी म्हटलं, “मग पापड मारुतीलाच वाहिले म्हणून समजा.” भाऊजी ऐकत होते. काही दिवसांनी त्यांनी प्लॅस्टिकचा जाड पाइप, सायकलचा पंप आणि कसल्या कसल्या तोट्या जोडून एक लांबलचक प्रकार छतावर उभा केला, तीच ही तोफ. हवा भरायची, खटका ओढायचा की आत ठेवलेली वस्तू भुस्सकन लांब जाऊन पडायची. हे संतापले. म्हणाले, “नेम धरणार तू त्यांच्यावर?” भाऊजी शांतपणे म्हणाले, “नेम नाही दादा, नैवेद्य. त्यांच्यावर नाही सोडायचा, त्यांच्या डोक्यावरून पलीकडे पाठवायचा.” गल्लीपलीकडे, शिंदे घाटाच्या बाजूला एक बंद घर आहे, मालक कधीचे निघून गेले. त्याच्या रिकाम्या छतावर खाऊ पडला की माकडं आमचं छत सोडून तिकडे धावणार, असा हिशेब. आता मारुतीच्या गणाला लाडू पाठवायला कुठला वैदिक नाही म्हणेल?

लाडू करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. फुटाण्याचं कूट आणि गूळ. पण पहिल्याच दिवशी कळलं की एका लाडवानं काही होत नाही. माकडं धावतात, खातात आणि भाऊजी दुसरा लाडू पाइपच्या तोंडातून ढकलत असतात तोवर परत हजर! म्हणजे लाडू आत आपोआप एकामागून एक आले पाहिजेत. “ह्याला मॅगझिन म्हणतात वहिनी, बंदुकीत गोळ्या असतात ना, तसं.” मग जो खटाटोप सुरू झाला तो विचारू नका. आधी वरून उभी नळी लावली, लाडू एकावर एक. तर वरच्यांच्या वजनानं खालचा चेपून चपटा, आणि अडकून बसला. मग खालून स्प्रिंग लावली. तर स्प्रिंगनं असे काही दामटले की पाइपातून लाडू न जाता नुसता भुगा उडाला, आणि तो मिसराइन चाचींच्या डोक्यावर. त्यांनी केसांतला भुगा चाखून पाहिला आणि म्हणाल्या, “परसाद नीक बा!” प्रसाद झकास म्हणे. मी हसून हसून खाली बसले. भाऊजींना मात्र हसू येईना. ते विचारात. दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले आणि मिसळणाच्या डब्याकडे बघत राहिले. मोहरी, हळद, जिरं, सात वाट्या गोल मांडलेल्या. म्हणाले, “वहिनी, हा डबा फिरवला तर प्रत्येक वाटी आळीपाळीनं तुमच्यासमोर येते.” मी म्हटलं, “कपाळ माझं! डबा द्यायची नाही हं मी.”

दिला. म्हणजे त्यांनी नेलाच. त्याच्यावरून माप घेऊन नदीपलीकडच्या रामनगरच्या एका खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, ॲल्युमिनियमची जाड चकती करून आणली, माप जुळवायला नेलेला पाइप आणि चकती नावेतून मांडीवर घेऊन आले. चकतीत सात गोल घरं. प्रत्येक घरात एक लाडू. चकती फिरवली की खटका ‘टक्’ करून बसायचा आणि एक घर बरोबर पाइपासमोर यायचं. चकती आणि पाइपाच्या फटीतून हवा निसटायची, तर तिथं सायकलच्या ट्यूबची कडी कापून लावली. पण घरं एका मापाची, तेव्हा लाडूही एका मापाचे हवेत. जरा मोठा झाला की अडकणार, लहान झाला की हवा बाजूनं निघून जाणार आणि लाडू मुसकटात मारल्यासारखा पायाशी पडणार. भाऊजींनी मला पितळेची एक कडी दिली. प्रत्येक लाडू त्या कडीतून अलगद पास झाला पाहिजे. उन्हाळ्यात गूळ सुटायचा, लाडू घरांना चिकटायचे, तेव्हा तूप कमी करायचं. थंडीत दगड व्हायचे, तेव्हा पाक जरा अलीकडेच उतरवायचा. “वहिनी, मी नुसता डबा करतो हो. खरी गोळी तुमची.” इतकं मोठं वाक्य! मी दिवसभर खूश.

सात लाडवांनीसुद्धा सगळा कळप पांगायचा नाही, म्हणून भाऊजींनी दुसरी चकती करून घेतली. एक ते वर रिकामी करायचे, तोवर दुसरी मी खाली भरायची, आणि “वहिनी, चकती!” अशी हाक आली की घेऊन वर जायचं. आमच्याकडचे जिने तुम्ही पाहिले नसतील. शिडी बरी. माझे गुडघे कधीच गेलेले. मी धापा टाकत वर पोहोचायचे आणि पोहोचल्या पोहोचल्या भांडायचे. “अहो, जरा मोठी करा की ती चकती! सात घरांनी काय होतंय? आणखी घरं पाडायला तुमचं काय जातंय? माझे गुडघे का म्हणून?” ते म्हणायचे, “मोठी केली तर जड होते वहिनी. खटका नीट बसत नाही.” मी म्हणायचे, “डोंबलाचा तुमचा खटका!” आणि चकती त्यांच्या हातात आपटून टाकीजवळच्या सावलीत बसायचे. ते मला पाण्याचा तांब्या पुढे करायचे. मग माझा दम परत येईपर्यंत आम्ही तिथं बसायचो. नदीवरच्या नावा बघायच्या, कुठल्या घाटावर आज गर्दी आहे, कुणाच्या पतंगाचा मांजा आमच्या तारेत अडकलाय... असलं काहीबाही. बोलायचे मीच जास्त. पण छतावर भाऊजीही बोलायचे. एकदा आईंबद्दल बोलले, म्हणजे माझ्या सासूबाईंबद्दल, की त्या गेल्या तेव्हा मला रडता आलं नाही वहिनी, अजून येत नाही. खाली गहू दळायला द्यायचे राहिलेत म्हणून मी उठले.

ते गेल्यावर सगळे माझंच सांत्वन करायला लागले. डॉक्टर म्हणाले झटका मोठा होता, कुणाला काही करता आलं नसतं. दहाव्याला आलेली नणंद म्हणाली, वहिनी, तुम्ही किती केलंत त्याचं. मी मान हलवत राहिले. डॉक्टरांना माझं दूध ठाऊक नव्हतं. नणंदेला तो फुटका लाडू ठाऊक नव्हता. यांच्याशी तर बोलायची सोयच नव्हती. तसे हे मितभाषी, पण भाऊ गेल्यापासून माझ्याकडे बघणंही सोडलं होतं त्यांनी. ताट वाढलं की जेवायचे, उठायचे. माझ्या मनानं घेतलं, यांना कळलंय. यांनी माझं ते ‘दूध ठेवलंय’ ऐकलंय आणि आता हे मला आयुष्यभर माफ करणार नाहीत. बरोबरच आहे, असंही वाटायचं.

मागच्या आठवड्यात भाऊजींची खोली आवरायला काढली. असं काय होतं त्यांचं? चार धोतरं, हत्यारांची पेटी, थोडे पाइपांचे तुकडे. कॉटखाली जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडलं तर चकती. पण ही मोठी, माझ्या पुरणाच्या परातीएवढी, आणि घरं दोन ओळींत, एक बाहेरची, एक आतली. सबंध कळपाला पुरेल इतकी. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. मी उचलली, तर हलकी! मधलं सगळं कोरून काढून हलकी केली होती. फिरवून पाहिली. टक्. टक्. खटका असा बसत होता की त्या लहानीचाही बसायचा नाही. मी यांना म्हटलं, “अहो, हे बघा. मला म्हणायचे जड होते, खटका बसत नाही. आणि ही करून ठेवलीय की!”

हे खिडकीशी उभे होते. म्हणाले, “मला ठाऊक आहे ती. तुझे गुडघे दुखतात म्हणून केली त्यानं. गेल्या दिवाळीच्या आधीच झाली होती.”

“मग लावली का नाही?”

“मीही विचारलं. तर म्हणाला, दादा, ही लावली की वहिनी वर यायच्या नाहीत.”

मी ती चकती मांडीवर घेऊन तिथंच फरशीवर बसले. आणि मग मला आवरलं नाही. बोलून टाकलं सगळं. हाक ऐकली, दूध, झाकण, फुटका लाडू. म्हटलं, “मी वर यावं म्हणून त्यांनी लहान चकती ठेवली हो, आणि मी लाडू निवडत बसले. मला हाक ऐकू आली होती.”

यांनी खिडकीबाहेर तोंड वळवलं. मग म्हणाले, “मलाही आली होती.”

मी वर बघितलं.

“संध्या चालली होती माझी. नेहमीची हाक नव्हती, कळलं होतं मला. पण तू ‘आले’ म्हणालीस. मग मी संध्या पुरी केली.” त्यांचा आवाज असा मी लग्नापासून ऐकला नव्हता. “उठलो असतो तर तुझ्याआधी पोहोचलो असतो गं. माझे गुडघे तरी चांगले आहेत.”

खरं लिहायचं तर मला क्षणभर बरं वाटलं. लाज वाटते हे लिहिताना, पण वाटलं. इतके दिवस मी एकटी होते तिथं, आता दुसरं कुणी आलं. मग लगेच त्यांचा राग आला. उठायचं होतंत की! मंत्र काय पळून चालले होते? पण कुठल्या तोंडानं म्हणणार? माझं दूध तरी कुठं पळून चाललं होतं... हेही खाली फरशीवर बसले, आणि ती मोठी चकती आमच्या मध्ये. ती लावायची नाही, एवढं न बोलता ठरलं.

आता घरात एक नवीनच झालंय. कुणी हाक मारली की दुसऱ्यानं हातातलं टाकून धावायचं. असं कुणी ठरवलं नाही, पण होतं खरं. मी आत भांडं आपटलं तरी हे पोथी सोडून दारात येतात. परवा दुपारी मी पोळ्या करत होते. बाहेरच्या खोलीतून यांची हाक आली, “अगं...” नुसतीच. तव्यावरची पोळी तशीच टाकून मी धावले, गुडघेबिडघे काही आठवले नाहीत. हे खुर्चीत बसलेले, धडधाकट. म्हटलं, “काय झालं?”

“काही नाही,” म्हणाले. “येतेस का बघितलं.”

एरवी मी असं काही सुनावलं असतं की पाठशाळेपर्यंत ऐकू गेलं असतं. पण मी तिथंच खाली बसले. धाप लागली होती. यांनी उठून मला पाणी आणून दिलं आणि आतून पोळी जळाल्याचा वास येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.