शेठचा मेकॅनिक

डॉक्टर वासदेव नाडी धरायच्या आधी पेशंटच्या शर्टाची कॉलर हुंगायचे. मिलिंदला, माझ्या धाकट्या भावाला, मी बदलापूरच्या कात्रपहून पहिल्यांदा उल्हासनगरला त्यांच्याकडे नेलं तेव्हाही त्यांनी तेच केलं. "ब्लीच," म्हणाले. "जीन्स धुण्याच्या कारखान्यात आहेस. अडे चरियो, हा खोकला घरून नाय आणलास तू!" चरियो म्हणजे सिंधीत वेडा. त्यांच्या दवाखान्यात शहाणा असा कुणी आलाच नसावा.

फाळणीनंतर ते कराचीहून नवेकोरे डॉक्टर होऊन आले आणि इंग्रजांनी फौजेसाठी बांधलेल्या बराकीत त्यांनी दवाखाना थाटला. दोन हजार साल उलटलं तरी तो तिथेच होता. सुरुवातीला निर्वासितांच्या छावणीत पोरं हगवणीने मरायची. "एक साहेब येऊन सांगायचा, तुम लोगों को यहाँ की हवा रास नहीं आती. हवा काय? पाणी गटाराचा होता! मी त्याच्यासमोर तेच पाण्याचा ग्लास ठेवला. बोललो, पी. पळाला!" हे सांगताना ऐंशीतला तो म्हातारा पुन्हा तेवढाच लाल व्हायचा. मला असा राग जपणारी माणसं आवडतात. आपल्याकडे राग गिळण्याचंच कौतुक फार.

अंबरनाथच्या कंपन्या बंद पडलेल्या, घरात मिलिंद एकटा कमावता. औषध घ्यायचा, चार दिवस बरा व्हायचा, परत त्या वाफेत जाऊन उभा राहायचा. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पेन आपटलं. "मी तुला दुरुस्त करतो, तू परत जातो. म्हणजे मी डॉक्टर नाय, शेठचा मेकॅनिक झालो!"

काठी उचलून ते तडक कारखान्यात गेले. आम्ही दोघं मागोमाग. मालक त्यांच्याच समाजाचा, लहानपणी त्यांच्याच हातून सुई टोचून घेतलेला. तो पाया पडायला वाकला, तर डॉक्टरांनी पाय मागे घेतले. "पंखा बसव, खिडक्या उघड. नहीं तो तू खूनी है."

मालक हसला. "दादा, पहले चाय पियो. इस लड़के को यहाँ की हवा सूट नहीं होती."

बदलापूरच्या पोराला उल्हासनगरची हवा मानवत नाही! दोन स्टेशनांवरची हवा!

पंखा बसला नाही. डॉक्टरांवर बहिष्कार तेवढा बसला. म्हातारा आपल्याच माणसाच्या पोटावर पाय देतो, असं गल्ली म्हणू लागली आणि दवाखान्यातलं बाकडं ओस पडलं. "मुलुख सुटला तेव्हा नाय मेलो बेटी, पेशंट सुटले तर मरतो काय?" ते म्हणायचे. पण ते आतून तुटले होते, मला दिसत होतं. मिलिंदने नोकरी सोडली तेव्हा फार उशीर झाला होता. एक जिना चढला की तो पायरीवर बसायचा.

डॉक्टर गेले. शोकसभेत पहिला हार त्याच मालकाचा. माईक धरून म्हणाला, "डॉक्टरसाहब बहुत शांत इन्सान थे. कभी किसी पे गुस्सा नहीं किया." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जन्मभर या शहरावर ओरडत आलेल्या माणसाला मेल्यावर ही मंडळी गप्प बसवत होती.

तेवढ्यात मिलिंदला उबळ आली. तो रुमाल तोंडात कोंबू लागला. पुढच्या रांगेतली बाई वळून म्हणाली, "उसको बाहर ले जाओ ना."

मी मिलिंदच्या हातातला रुमाल ओढून घेतला.

"खोक मिल्या," मी म्हटलं. "मोठ्याने खोक."